बांधावरचं एक भांडण आणि त्याच्या पाच-सहा मराठी

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या तालुका कोर्टात एका वकिलांकडे काम शिकते. एकाच प्रकरणाच्या फाइलमध्ये फिर्याद, साक्ष, वर्तमानपत्राचं कात्रण, तहसीलचं पत्र असं सगळं असतं आणि प्रत्येकाची मराठी निराळी. माणसं असं बोलत तर नाहीत. ही भाषा मुद्दाम अवघड ठेवतात का? सगळीकडे साधी मराठी का चालत नाही?

उत्तर : मुद्दाम ठेवतात का, तर काही ठिकाणी हो. पण ते शेवटी सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी कारण वेगळं आहे. कागद हातात आला की त्याची भाषा सोपी की अवघड हे मी आधी बघत नाही. या वाक्याचा जाब उद्या कोण विचारणार आणि तो कोणाला द्यावा लागणार, हे बघतो. फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदारासमोर फिर्यादी बसलेला असतो, पण त्याच्या मनात असतो तो उलटतपास घेणारा वकील. बातमीदाराच्या मनात बदनामीची नोटीस असते. खरेदीखत लिहिणाऱ्याच्या मनात तर अजून जन्मालाही न आलेला वारस असतो. भाषा त्या-त्या माणसाला धरून वळण घेते.

एक प्रकरण घेऊ, नावं-गावं काढून. दोन चुलत भाऊ, मध्ये बांध. मोजणीची खूण कोणीतरी उपटली, सकाळी बोलाचाली झाली, एकाच्या हाताला लागलं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं ते असं सांगितलं :

“त्यानं म्हणे आधी खूण उपटली. मग ह्यो गेला तणतणत. शब्दाला शब्द लागला, तर त्यानं दिली की ठिवून. पोरगंबी आलं मधी. गज होता म्हणत्यात हातात, पर म्या काय बघितला न्हाई.”

आपण याला अडाणी बोलणं म्हणतो. माझ्या मते फाइलमधल्या सगळ्या मराठीत ही सर्वांत काटेकोर आहे. खूण उपटल्याचं ऐकीव आहे, तिथे ‘म्हणे’ आलं. ठेवून दिल्याचं डोळ्यांनी पाहिलं, तिथे काहीच लावलं नाही. गजाची गोष्ट दुसऱ्यांच्या तोंडची, तिथे ‘म्हणत्यात’ आणि वर ‘म्या बघितला न्हाई’. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, ऐकीव चालणार नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा पायाच आहे आणि म्हातारा तो न शिकता पाळत होता. कारण पारावर जाब लगेच विचारला जातो. “तू बघितलंस काय?” असं विचारणारे चारजण तिथेच बसलेले असतात.

आता ठाण्यात जा. जखमी भावाची फिर्याद अशी लिहिली गेली :

“…माझा चुलत भाऊ व त्याचा मुलगा यांनी संगनमत करून, मागील भांडणाची कुरापत काढून मला शिवीगाळ व दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली. तसेच त्यातील एकाने हातातील लोखंडी गजाने माझ्या डाव्या हातावर मारून दुखापत केली व जिवे ठार मारण्याची धमकी दिली.”

हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठाण्यात सापडेल, फक्त गज आणि हात बदलतील. याला आळस म्हणण्याआधी ते तुकड्यातुकड्यानं वाचा. ‘संगनमत करून’ म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ३४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३(५). ‘लाथाबुक्क्यांनी’ म्हणजे जुनं ३२३, आता ११५(२). ‘लोखंडी गजाने’ म्हणजे ३२४, आता ११८(१). ‘शिवीगाळ’ ५०४ची, आता ३५२ची. ‘धमकी’ ५०६ची, आता ३५१ची. ‘कुरापत काढून’ला कलम नाही, तो हेतूचा धागा आहे. महिलेची तक्रार असली की ‘माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन’ येतं. कुठली बाई स्वतःहून असं बोलेल? ते ३५४चे, आताच्या ७४चे शब्द आहेत, तिच्या तोंडी घातलेले. फिर्याद ही कथा दिसते खरी, पण लिहिणारा ती कलमांकडून मागे मागे येत लिहितो. फिर्यादीनं सांगितलेल्यातलं जे कुठल्याच कलमात बसत नाही ते गळतं, आणि कलमाला हवं असलेलं, पण फिर्यादीनं अर्धवट सांगितलेलं, पुरं होतं.

गंमत म्हणजे शिवीगाळ लिहितात, शिवी लिहीत नाहीत. ‘अश्लील भाषेत शिवीगाळ’ एवढ्यावर भागतं. नेमकी शिवी हवी असते ती अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या गुन्ह्यात, कारण तिथे कोणते शब्द, कोणत्या ठिकाणी आणि लोकांना दिसेल-ऐकू येईल असे उच्चारले का, यावरच गुन्हा उभा राहतो. अशा फिर्यादीत ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहून दिलं तर आरोपीच्या वकिलाचं अर्धं काम ठाण्यातच झालेलं असतं. एकाच ठाण्यात, एकाच टेबलावर, एका कागदावर गोळाबेरीज चालते आणि दुसऱ्यावर अक्षर न् अक्षर लागतं.

या साच्याची किंमत असते आणि ती साक्षीच्या दिवशी चुकवावी लागते. चार साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द सारखे निघाले की न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडते. म्हाताऱ्याचं ‘म्हणे’ जबाबात येत नाही, तिथे सरळ ‘गजाने मारताना मी पाहिले’ असं असतं. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हा कायदाच आहे, त्यामुळे आपल्या नावावर काय लिहिलंय हे त्याला पिंजऱ्यात उभं राहीपर्यंत माहीतही नसतं. मग तो तिथे प्रामाणिकपणे ‘गज मी बघितला न्हाई’ म्हणतो आणि सरकारी वकील त्याला फितूर ठरवून घेण्याची परवानगी मागतात. म्हातारा पारावर जे बोलला तेच कोर्टात बोलला. बदल झाला होता तो मधल्या कागदात.

साक्षीची मराठी तर आणखी चमत्कारिक. तुम्ही ती नुसती वाचली असेल, एकदा बसून ऐका. वकील विचारतात, “तुमचा आणि आरोपीचा बांधावरून जुना वाद आहे, म्हणून तुम्ही खोटी फिर्याद दिली, असं माझं म्हणणं आहे.” साक्षीदार म्हणतो, “न्हाई साहेब.” कागदावर येतं : “हे म्हणणे खरे नाही की, माझा व आरोपीचा बांधावरून जुना वाद असल्याने मी खोटी फिर्याद दिली.” साक्ष सहसा निवेदनाच्या रूपात लिहायची असल्यामुळे प्रश्न पुसला जातो आणि वकिलाचं सबंध वाक्य साक्षीदाराच्या तोंडी जातं, पुढे नकार लावून. शिवाय या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत. साक्षीदारानं नाकारलं काय, वाद की खोटेपणा? वाद तर होताच, सातबाऱ्यावर दिसतो. चांगला न्यायाधीश इथे थांबवतो आणि दोन वेगळे प्रश्न करायला लावतो. सगळे थांबवत नाहीत.

नकारार्थी प्रश्नाचं तर विचारूच नका. “तुम्ही त्या वेळी शेतात नव्हता ना?” – “हो.” आता हे ‘हो’ कशाला? मराठीत ‘हो, नव्हतो’ही होतं आणि ‘हो, होतो की’ही होतं. बोलताना मान आणि सूर पाहून कळतं, पण टंकलेखकाच्या यंत्राला मान दिसत नाही. माझ्या ज्युनिअर पोरांना मी सांगून ठेवलंय की आपल्या साक्षीदाराला समोरच्यानं असा प्रश्न टाकला आणि तो नुसता ‘हो’ म्हणाला की लगेच उठायचं आणि उत्तर पूर्ण वाक्यात नोंदवून घ्यायची विनंती करायची. लाजायचं नाही.

एका कागदापाशी मात्र ही सगळी साचेबंद मराठी थांबते, थांबली पाहिजे. तो म्हणजे मृत्युपूर्व जबाब. शपथ नाही, उलटतपास नाही, तरी कायदा तो पुरावा धरतो, कारण बोलणारं माणूस नंतर मिळणार नसतं. म्हणून तो शक्यतो प्रश्नोत्तरात, त्या माणसाच्याच शब्दांत लिहावा असा दंडक आहे. जळित प्रकरणात बहुधा नायब तहसीलदार दवाखान्यात जाऊन लिहून घेतात. आता ही तीन वाक्यं बघा : ‘मी पेटले.’ ‘मला पेटवलं.’ ‘मी पेटवून घेतलं.’ धातू एकच, पण पहिलं वाक्य अपघात, दुसरं खून, तिसरं आत्महत्या. आणि तिसऱ्यामागे कोणाचा छळ असेल तर प्रवृत्त केल्याचा गुन्हा. क्रियापदाच्या रूपावर एखाद्याची जन्मठेप अवलंबून असते. अर्धवट शुद्धीतली बाई ‘पेटले’ म्हणाली आणि लिहिणाऱ्यानं सवयीनं ‘पेटवून घेतले’ लिहिलं, तर ती चूक कुठलंही अपील पूर्णपणे धुऊन काढू शकत नाही, कारण विचारायचं कोणाला? तिथे ‘रॉकेल वतलं’ असेल तर ‘वतलं’च लिहायचं, ‘ओतले’ असं शुद्ध करायला जायचं नाही. हेच कागद पुढे उच्च न्यायालयात जाताना इंग्रजीत जातात, कारण तिथलं कामकाज घटनेच्या अनुच्छेद ३४८प्रमाणे इंग्रजीत चालतं. इंग्रजीत या तीन रूपांना एक क्रियापद पुरत नाही. तुम्ही पुढेमागे भाषांतराचं काम घेतलंत तर आधी क्रियापदांची यादी करा, नामांची काळजी शब्दकोश घेतो.

बातमीचं थोडक्यात सांगतो, तिथे फार गूढ नाही. पहिल्या दिवशी ‘विवाहितेचा होरपळून मृत्यू’ असा मथळा येतो, त्यात कर्ता नाही. गुन्हा नोंदला गेला की ‘विवाहितेला जिवंत जाळले, पतीसह चौघांवर गुन्हा’ असा येतो. मधे बदललं काय, तर बातमीदाराला आता टेकायला एक कागद मिळाला. ‘असल्याचे समजते’, ‘अशी चर्चा परिसरात होती’ हे म्हाताऱ्याच्या ‘म्हणे’चेच शहरी भाऊबंद. फरक एवढाच की म्हाताऱ्याला ‘कोण म्हणे?’ असं विचारता येतं.

आपल्या बांधाच्या प्रकरणाचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तिथे भाषेची आणखी एक तऱ्हा दिसते. दोन पावसाळे तारखा खाऊन भाऊ वैतागले आणि मिटवायचं ठरलं. तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, लिहिली : “आमच्यात गैरसमजातून वाद निर्माण झाला होता. आता आमच्यातील गैरसमज दूर झाले असून यापुढे आम्ही गुण्यागोविंदाने राहू.” वाद निर्माण झाला, कोणी केला ते नाही. गैरसमज दूर झाले, कोणाचे ते नाही. सबंध कागदात एकही कर्ता नाही आणि म्हणूनच दोघांनी सही केली. ‘मी मारलं, चूक झाली’ असं लिहायला गेलो असतो तर तडजोड तिथेच मोडली असती. नेमकेपणा हा नेहमीच गुण असतो असं नाही. काही कागदांचं कामच मुळी विसरायला जागा करून देणं हे असतं.

पण गंमत पुढे आहे. मारहाण आणि शिवीगाळीची कलमं तडजोडीनं मिटतात. गजाचं कलम मिटत नाही. मागे झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीनं ३२४ तडजोडीच्या यादीतून काढलं गेलं, आणि लोकअदालतीलाही न मिटणाऱ्या गुन्ह्यावर अधिकार नाही. म्हाताऱ्यानं न पाहिलेला गज, फिर्यादीत साच्यात बसवलेला गज, शेवटी दोन्ही भावांना उच्च न्यायालयापर्यंत खर्च करायला लावतो. ठाण्यात कोणी एक शब्द जास्त घातला की तो काढायला किती लागतं, हे हिशेब करून अशिलाला सांगण्याची मला सवय लागली आहे.

‘सगळीकडे साधी मराठी का नाही’ याचं उत्तर खरेदीखतात नीट सापडतं, कारण त्यात सोडू नये असं आणि टाकून द्यावं असं दोन्ही शेजारी शेजारी बसलेलं असतं. “सदरचे खरेदीखत मी माझे राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणताही नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिले असे.” ऐकून हसू येतं. पण १८७२चा करार कायदा काढा. संमती मुक्त हवी, त्यात जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबाव नको, करार करणारा शुद्धीवर हवा. ‘राजीखुशी’, ‘दडपण’, ‘अक्कलहुशारी’, ‘नशापाणी’ हे त्या कलमांचं घरगुती मराठीकरणच आहे आणि लिहून देणाऱ्याला ते वाचून दाखवलं की कळतं. याच्या जागी कोशातून उचललेलं ‘मुक्त संमतीने व सुदृढ मनाने’ घातलंत तर भाषा शुद्ध होईल, समजणारी माणसं कमी होतील. ‘रक्कम भरून पावलो, तक्रार नाही’ हेही असंच. पाच शब्दांत पावती आणि हक्कसोड.

आता त्याच खतातलं हे वाचा : “सदर मिळकत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह…” हे जुन्या दानपत्रांतून, ताम्रपटांतून चालत आलेलं आहे. राजा जमीन दान देताना पाणी, दगड, पुरलेलं धन या सगळ्यांचे भोग देत असे. आज विकणाऱ्याकडे ते द्यायला आहेत कुठे? १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. ‘निधी-निक्षेपांसह’ लिहून तो खरेदीदाराचा होत नाही. हे शब्द नुसते भारदस्त आहेत. मी माझ्या मसुद्यांतून काढून टाकले, तर एका जुन्या अशिलाला वाटलं मी जमिनीतलं काहीतरी माझ्याकडे ठेवलं. पुढच्या खतात परत घातले. अशिलाचं समाधान हाही कागदाचा एक उपयोग असतो.

जुन्या दानलेखांची आठवण निघालीच आहे तर एक सांगून टाकतो. कोकणात शिलाहार राजांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी देणारे कोरीव दगड, सापडतात. अलिबागजवळ अक्षीला आहे तो प्रसिद्ध. दान मोडणाऱ्याच्या आईबद्दल गाढवाची शिवी, कधी नुसती कोरलेली आकृती. आजची फिर्याद शिवी लिहायला लाजते. त्या काळी शिवी हेच अंमलबजावणीचं कलम होतं. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याच्यासाठी चित्र.

राहिला सरकारी कागद, आणि तुमचा ‘मुद्दाम का’ हा प्रश्न. इथेही सरसकट शिव्या देऊ नका. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असतं, कारण घटनेचा अनुच्छेद १६६ म्हणतो की राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावानं चालल्याचं दाखवावं. ‘मान्यता देण्यात येत आहे’ हे वाक्यही वर्णन करत नाही. ते लिहिल्यानंच मान्यता मिळते, आणि ती अमुक सचिवांनी नाही, शासनानं दिलेली असते. तिथे कर्ता लपवलेला नाही, तो एक माणूस नसतोच. शासन निर्णय वाचायची युक्ती मीमांसकांकडून घ्या. त्यांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद वेगळे केले : करायला सांगणारं ते विधी, त्याची थोरवी गाणारं ते अर्थवाद. ‘प्रस्तावना’ या शीर्षकाखाली शेतकऱ्याच्या कळवळ्याचं जे काही असतं तो अर्थवाद, त्यावर हक्क मागता येत नाही. खाली ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखाली जे ‘येत आहे’नं संपतं तेवढंच घेऊन भांडायचं.

लबाडी सुरू होते ती तालुक्याच्या पत्रात. बांधावरच्या भावानं फेरफाराबद्दल अर्ज केला, उत्तर आलं : “आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आला असून नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.” संबंधित कोण, उचित काय, येईल म्हणजे कधी? व्याकरण निर्दोष आणि पकडायला कुठे जागा नाही. शासन निर्णयातलं कर्तृहीन वाक्य घटनेनं दिलेलं आहे, हे मात्र एका खुर्चीवर बसलेल्या माणसानं स्वतःभोवती गुंडाळून घेतलेलं आहे. असं पत्र अवघड शब्दांमुळे अवघड नसतं. ‘अग्रेषित’च्या जागी ‘पाठवला’ घाला, ते तेवढंच निसटतं राहील. म्हणून सोप्या मराठीच्या नुसत्या मोहिमांवर माझा फार विश्वास नाही.

इथे उपयोग होतो तो महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५चा. अधिसूचित सेवा असेल तर त्यात पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते, पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडे तेही ठरलेलं असतं. म्हणजे वाक्यातून गाळलेला कर्ता आणि काळ कायद्यानं परत भरलेला आहे. म्हणून अशिलासाठी अर्ज लिहाल तेव्हा ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’ असं आपणच त्यांच्या भाषेत लिहून त्यांना पळवाट देऊ नका. कोणती सेवा, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडून, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं तीन ओळींत लिहा, पोच घ्या, आणि पोच देताना शिक्का तारखेचा आहे ना ते तिथल्या तिथे बघा.